सतरा, अठरा

रामदासपेठेत तिसऱ्या माळ्यावर आमचं ऑफिस.
मी दावे तपासते.
डेंग्यू, अपेंडिक्स, आणि मे लागला की मुतखडे.
जेवायच्या सुट्टीआधी वीस-बावीस होतात हातावेगळे.

ऑफिसच्या फ्रिजमध्ये, इंगोले साहेबांच्या दह्यामागे
स्टीलच्या डब्यात माझं इंजेक्शन असतं.
डब्यावर पट्टी लावली आहे : लोणचं.
घरी ठेवता येत नाही. मानेवाड्याला लाईन जाते
तेव्हा चार-चार तास येत नाही.

संध्याकाळी सहाला बाथरूममध्ये
कुर्ता दातांत धरायचा,
पोटाची चिमूट, सुई, मनात दहापर्यंत आकडे.
हात धुवून परत जागेवर.
पहिल्या खेपेला बेसा रोडच्या प्लॉटचं बुकिंग मोडलं.
ही दुसरी. हेमराज म्हणतो, बघू.

मंगळवारी एक फाईल आली.
रोशनी निखाडे, वय एकतीस, राहणार उमरेड.
बिल वाचावंच लागलं नाही मला,
तीच तीन इंजेक्शनं, तोच क्रम,
आठव्या दिवशी डोस वाढवलेला.
सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टरांच्या हातचे आकडे :
सोळा, सतरा, अठरा मिलीमीटर.

सोबत वहीचं पान, नवऱ्यानं लिहिलेलं.
‘अकरा वर्षं झाले हप्ता भरून राहिलो.
एक रुपया मागितला नाही कधी.
आम्ही आजारीच पडलो नाही, म्हणून.
हा पहिलाच आजार आहे.
डॉक्टर पण आजारच म्हणतात.’

यादी मला पाठ आहे.
आठ : सुंदर दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया.
नऊ : दोर बांधून दरीत मारलेल्या उड्या.
सतरा : मूल न होणं.
अठरा : मूल होणं.
दोन्हीचे पैसे नाहीत.
ज्यानं हे एकाखाली एक लिहिलं
त्याचं पेन थोडं अडलं असेल का,
की त्याचीही जेवायची सुट्टी झाली होती?

सहा मिलीमीटरचा खडा बाहेर काढायला
आम्ही पैसे देतो.

ही एक ओळ खोडली तर काय होईल,
मी कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं.
माणशी वर्षाला दोन प्लेट तर्री-पोहे.
माझा हिशेब कच्चा असेल.
इंगोले साहेब म्हणाले, खोडायची ती वरून खोडतील,
आपल्याकडे फक्त शिक्का असतो.

शिक्का मी मारला नाही.
‘अधिक कागदपत्रे सादर करावीत’ एवढंच टाकलं.
त्यानं पंधरा दिवस फाईल मरत नाही.
तेवढंच मला करता येत होतं, असं वाटलं तेव्हा.

शुक्रवारी धंतोलीत, डॉक्टरांकडे,
बाहेर शेहेचाळीस डिग्री,
माझ्या बाजूच्या खुर्चीत एक बाई,
मांडीवर थर्मास, थर्मासला ओला दुपट्टा गुंडाळलेला.
उमरेडहून एसटीनं आले, म्हणाली. बर्फ टिकला पण.
मग थोड्या वेळानं :
‘तुमचं इन्शुरन्स देते का जी?’

नाही, म्हटलं.

‘आमचं देईल बहुतेक,’ ती म्हणाली.
‘कागद मागून राहिले ना ते.
द्यायचंच नसतं तर कशाला मागितले असते?’

मी पंख्याकडे पाहिलं.
तिनं पर्समधून एक कागद काढून उलगडला,
आमच्या ऑफिसचा, खाली माझी सही,
आणि विचारलं, हे ‘सादर’ म्हणजे
टपालानं पाठवायचं, की स्वतः यायचं?

स्वतः या, मी म्हणाले.

तेवढ्यात आतून नंबर पुकारला.
तिचा होता की माझा,
आम्ही दोघीही उभ्या राहिलो.